बुधवारची वही

"गुरुजी, वही!"

दहावीच्या वर्गाच्या दारात शहादेव उभा होता. सिरसाळ्याच्या रस्त्याने चार किलोमीटर सायकल हाणून तो आला होता. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. हातात मुलाची संस्कृतची वही होती आणि मुखावर कर्तव्यपूर्तीचे तेज. "परम्या घरीच इसरून आलता. म्हणलं, पोराला शिक्षा कशाला?"

वर्ग खदखदून हसला. परमेश्वरने मान खाली घातली. बद्रीनाथ गुरुजींनी वही दोन्ही हातांनी स्वीकारली, कारण वहीचा अवमान त्यांच्या हातून कधी घडला नव्हता. मात्र ती घेताना त्यांचा चेहरा काढा प्याल्यासारखा झाला. सलग दुसरा बुधवार वाया गेला होता.

याच वहीच्या शेवटच्या पानावर परमेश्वरने आषाढात चार ओळी लिहिल्या होत्या. 'वर्गातील मुले मुलींविषयी बोलतात. माझे मन मात्र मुलांकडेच ओढ घेते. जेवण जात नाही, झोप लागत नाही. गुरुजी, मी बिघडलो आहे का?' गुरुजींनी ते पान दोनदा वाचले. छत्तीस वर्षांच्या अध्यापनात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नसावे. मग त्यांनी लाल लेखणी उचलली आणि खाली लिहिले, 'बिघडलेला नाहीस. परंतु एकटा राहू नकोस.' पान अलगद फाडून त्यांनी ते ज्याचे त्याला परत दिले.

एकटे न राहण्याची सोय शाळेत होती. दर बुधवारी समुपदेशक मनिषा मॅडम येत आणि नकाशांच्या खोलीत बसत. अडचण इतकीच, की त्या खोलीचे दार पाण्याच्या टाकीसमोर होते. तेथून आत जाणारा प्रत्येक जण मधली सुट्टी संपायच्या आत 'येडा' ठरे. परमेश्वर तीनदा त्या दारापर्यंत गेला होता आणि तीनदा नुसते पाणी पिऊन परतला होता.

तेव्हा गुरुजींनी आयुष्यात प्रथमच एक कपट रचले. वही विसरणाऱ्याने एक सुभाषित पन्नास वेळा लिहावे, हा त्यांचा दंड पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यांनी केवळ दंडाची जागा बदलली. तो यापुढे नकाशांच्या खोलीत भोगायचा होता. मन मोकळे करायला जाणे ही दहावीत नामुष्की होती. शिक्षा भोगायला जाणे ही प्रतिष्ठा. परमेश्वर दर बुधवारी वही विसरू लागला.

"परम्या, आज बी? लई डेरिंग हाय बे तुझी!" शेजारच्या बाकावरचा सुरज आदराने म्हणे.

सुभाषित लिहून झाले की नाही, हे गुरुजींनी कधी तपासले नाही. महिन्याभरात मुलगा डबा संपवू लागला, तेवढी तपासणी त्यांना पुरेशी होती.

पुढे सुरजनेच मित्राची ही कीर्ती मोठ्या कौतुकाने शहादेवच्या कानावर घातली. शहादेव स्वतः चौथीत असताना आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. त्याची वही घरी राहिली ती कायमचीच. मुलाची राहू द्यायची नाही, असा त्याने निश्चय केला. या निश्चयापुढे गुरुजी हतबल झाले. बापाला काही सांगावे, तर गुपित मुलाचे होते.

तिसऱ्या बुधवारी सायकल पंक्चर झाली. शहादेव शाळेत पोचला तेव्हा दंड सुरू होऊन अर्धा तास उलटला होता. वही काखेत धरून तो नकाशांच्या खोलीच्या खिडकीशी आला आणि तेथेच थबकला.

आत परमेश्वर हसत होता. मान मागे टाकून, अगदी मोकळ्या गळ्याने. गेल्या दिवाळीपासून ते हसू घरात कोणी ऐकले नव्हते.

गुरुजी लगबगीने आले.

"गुरुजी," शहादेव आवाज उतरवून म्हणाला, "शिक्षा झालेलं पोरगं हसतंय कावून?"

गुरुजींपाशी होते नव्हते तेवढे कपट एव्हाना खर्च झाले होते. "तो येथे आपले मन मोकळे करतो, शहादेवराव."

"काय सलतंय त्याला?"

"ते त्याचे आहे. मी सांगणे योग्य नव्हे."

"मी बाप हाय त्याचा, गुरुजी."

"म्हणूनच. एक दिवस तो आपण होऊन सांगेल. त्या दिवशीही असेच हळू बोला."

शहादेवने खिडकीतून पुन्हा एकदा आत पाहिले. मग चपला वाजू नयेत म्हणून त्या हातात घेऊन तो व्हरांड्यातून परत फिरला. वही त्याच्या काखेतच राहिली.

पुढच्या बुधवारी परमेश्वरने हार मानली. वडिलांनी पुन्हा उन्हातून सायकल हाणावी, त्यापेक्षा वही आपणच न्यावी, असे त्याला वाटले. ती त्याने दप्तरात घातली आणि तो निघाला.

शहादेवने त्याला उंबऱ्यात अडवले. दप्तर उघडले. वही बाहेर काढली. ती बायकोच्या, दगडाबाईच्या, पिठाच्या डब्यामागे फळीवर नीट ठेवली. मग दप्तर बंद करून मुलाच्या खांद्याला अडकवले.

"आज बुधवार हाय," तो म्हणाला. "वही इसरायची."