छोट्या लाईनीवरचा वाघ

देवाची आन घेऊन सांगते पोट्टेहो, यातला शब्द न् शब्द खरा हाय! ब्याऐंशी सालची गोष्ट. माह्या सुनेले, प्रमोदिनीले, गोंदियाच्या महिला मंडळानं बलावलं होतं. आमच्या बालाघाटच्या बायांनी चिन्नोर तांदळाचे पापड करायचे अन् गोंदियाच्या बायांनी ते महाराष्ट्रात विकायचे, असं त्या दिवशी ठरनार होतं. पापडाची टोपली घेऊन ती निंगालीच होती, तं मी बाहेरून धावत आली.

"काहून पळून राह्यल्या, आत्याबाई?"

"अवं, गोंदियाच्या छोट्या रेल्वे लाईनीवर वाघ बसला! ड्रायव्हर हात जोडून राह्यला, तं वाघ जांभई देते. गाडी काई जात नाई आज!"

सून गावोगाव फिरन तं चुलीजवळ कोन बसन, एवढंच माह्या डोक्श्यात होतं. तिनं माहं खरं मानलं अन् टोपली खाली ठेवली. ते काम मंग आमच्याच जिल्ह्यातल्या किरनापूरच्या बायाईले भेटलं. आता त्यायच्याकडे पंचवीस जनी कामाले हाय. आमची प्रमोदिनी घरच्यापुरते पापड लाटते. तिनं वाढला, का मी तो ताटाच्या कडेले सारते.

वाघ खोटा, हे तं तुमाले समजलंच असन. पन अजून एक गोष्ट मी मनानं घातली. तिनं खरं मानलं, ते. गाडीची शिट्टी आंगनात साफ आयकू येऊन राह्यली होती. तिनं एकडाव माह्याकडं पाह्यलं, अन् चूल पेटवाले गेली. सासूले खोटं कोन म्हननार?