पद्धतीची साडी

नोंदणी कचेरीच्या बाकावर आमचे बंधुराज मांडीवर साडीची पिशवी घेऊन बसले होते. बहिणीने साडी घ्यायची आणि वडिलांच्या चिकूच्या वाडीवरचा हक्क सोडायचा, ही आमच्या घरातली पद्धत. आत्याचीही अशीच बोळवण झालेली.

“वाडी तुमच्या नावावर आली, की तुमच्या थकलेल्या कर्जापोटी सावकार तिच्यावर टाच आणतील,” वकील भावाला म्हणाले.

बंधुराज घाईने माझ्याकडे वळले. “ताई, हक्क मीच सोडतो. सावकार थंडावले, की परत कर.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सही करताना त्याने पिशवी मला धरायला दिली. बाहेर आल्यावर ती मी लगेच परत केली.

“वहिनीला दे. आपल्याकडे हक्क सोडणाऱ्याला साडी मिळते.”