पहिला खांदा

तिरडी उचलायला तिघे पुढे झाले, चौथी जागा रिकामीच राहिली. उजवीकडची, डोक्याकडची. ती भावाची.

"जोड्या, चल की रे," स्टेशनमास्तर हलक्या आवाजात म्हणाले. जोड्या दाराला टेकून उभा होता. बाहेर अर्धं यार्ड टोप्या हातात घेऊन ताटकळत होतं.

डबे जोडतो म्हणून तो जोड्या. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. आणि आत निजलेला तो हवालदार. लढाई संपून रेल्वेत झेंडेवाला झाला, तरी फौजेतला हुद्दा त्याला चिकटला तो चिकटलाच. घरी आला की आधी बूट पुसायचा, मग बायकोकडे बघायचा. बोलणं मोजून मापून. छातीच्या दुखण्यानं सहा महिने अंथरुणाला खिळला, पण कण्हण्याचा आवाज म्हणून काढला नाही. आज पहाटे गेला, तोही कोणाची झोप न मोडता.

अठरा वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. दोन डब्यांच्या मधे शिरून साखळी अडकवायची हे जोड्याचं काम. आत शिरलेल्याला इंजिन दिसत नाही आणि इंजिनवाल्याला तो दिसत नाही. बाहेर झेंडेवाला हिरवा दाखवील तर डबे सरकणार, लाल दाखवील तर थांबणार. दिवसातून तीस-चाळीस वेळा जोड्यानं आपला जीव या माणसाच्या हातात दिला होता आणि तीस-चाळीस वेळा तो धडधाकट परत आला होता.

गेल्या आठवड्यात हवालदारानं त्याचा हात धरला होता. "पहिला खांदा तू द्यायचास. धाकटा असता तर त्याला सांगितलं असतं."

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ. एकोणीस वर्षांचं पोर. नदी ओलांडताना पलीकडच्या काठावरून गोळ्या आल्या आणि तो पाण्यातच राहिला. हवालदार मागच्या तुकडीत होता, त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. अठरा वर्षांत हा विषय त्यानं दोनदाच काढला. दोन्ही वेळा जोड्या काहीतरी निमित्त काढून उठून गेला.

कारण त्या सकाळी जोड्याही त्याच नदीवर होता. पलीकडच्या काठावर. आपण किती गोळ्या झाडल्या ते त्याला आठवत होतं, त्या कोणाला लागल्या ते त्याला कधीच कळलं नव्हतं. पुढे तह झाला, हद्द पुसली गेली आणि दोन्हीकडची माणसं एकाच रेल्वेत पोटापाण्याला लागली. नोकरीच्या अर्जात 'लढाईच्या काळात काय करीत होता?' या प्रश्नापुढे जोड्यानं 'शेती' असं ठोकून दिलं. ती थाप त्यानं बायकोलाही खरी म्हणून सांगितली होती.

आता त्या हातांनी त्या माणसाला भाऊ म्हणून खांदा द्यायचा? आजवर तो खोटं बोलत आला, पण मेलेल्या माणसाशी खोटं बोलणं त्याच्याच्यानं होईना. तो गर्रकन वळला आणि आतल्या खोलीत हवालदाराच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. मी पलीकडच्या फौजेत होतो. त्या नदीवर होतो."

वहिनींनी डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता.

"माहीत आहे, भाऊजी. तुम्ही कामाला लागलात त्याच आठवड्यात त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं."

"त्यांना कसं कळलं?" जोड्यानं विचारलं.

"डब्यांच्या मधे तुमचा पाय अडकला होता, आठवतं? तुम्ही एक हात वर केलात, मूठ मिटून."

त्याला अडकलेला पाय आठवला, जवळ येणारा डबा आठवला. हात कसा वर गेला ते नाही.

"यार्डात एक हात वर म्हणजे काम झालं, डबे हलवा. थांबा म्हणायला दोन्ही हात लागतात. मिटलेली मूठ म्हणजे थांबा, ही खूण फक्त तुमच्या फौजेची. यांनी ती दोन वर्षं खंदकातून पाहिली होती. म्हणाले, मूठ दिसली आणि एका क्षणात कळलं हा कोण ते. हिरवा झेंडा दाखवला असता तर कोणी यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. खूण तर तुमचीच चुकली होती."

बाहेरून मास्तरांनी पुन्हा हाक मारली. जोड्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"मग… लाल का दाखवला त्यांनी?"

"मीही तेच विचारलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुसलेलेच बूट पुन्हा पुसत बसले. मग म्हणाले, 'धाकट्यानंही पाण्यातून हात वर केला होता. पलीकडच्या काठावर तो कोणी पाहिला नाही. याचा मी पाहिला.'"