पहिला नंबर

साखरशेतच्या बायका एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने भातरोपांची आवणी करत. पहिला नंबर मात्र दरसाल म्होरक्या रखमीचाच. येसू आतून जळायची, बैठकीत मान डोलवायची.

यंदा चैतीने तोंड उघडलं, "दरसाल तुझाच नंबर काय म्हणून? चिठ्ठ्या टाक."

"पटत नसंल तर निघ," रखमी म्हणाली.

चैती निघाली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या. येसू तेवढी हलली नाही. आता आपल्यापुढे रखमीशिवाय कोणी नाही, म्हणून मनातून हरखलीसुद्धा.

आवणीच्या सकाळी चैतीच्या शेतात अकराजणी गाणी म्हणत वाकल्या होत्या. बांधाच्या अलीकडे, येसूच्या शेतात, एकटी रखमी आली. रोपांची जुडी पुढे करत म्हणाली,

"घे येसू, पहिला नंबर तुझा. दुसरा माझा."