कुरकुरीतपणाचं गुपित

नणंद सायली व्हिएतनाम फिरून आली, म्हणून रोहिणीने तिला इंदिरानगरच्या घरी जेवायला बोलावलं आणि मुद्दाम तिकडचंच कोबीचं सॅलड करायला घेतलं. चिरलेला कोबी मीठ लावून चाळणीत निथळत ठेवला, टोफू परतला आणि ती पुदिना आणायला खाली गेली.

मीठ लावलेला कोबी दिसला की तो वड्यांचाच, हे हरसूलच्या तिच्या सासूबाईंना, बयाबाईंना, कुणी सांगावं लागत नव्हतं. सुनेला तेवढाच हातभार म्हणून त्यांनी त्यात बेसन कालवलं आणि उंडे वाफवायला ठेवले. तेवढ्यात सुनेचा फोन आला, "आई, सॅलडच्या कोबीवर जरा ताट झाका."

बयाबाईंनी गुपचूप उरलेला अर्धा गड्डा चिरला. दाण्याचं कूट, लिंबू, साखर, मिरची घालून आपली नेहमीची पचडी केली आणि वर ते सुनेने परतलेलं पनीर पसरून ताट झाकलं. आईंनी सॅलड कालवूनही ठेवलं, असं समजून रोहिणीने वरून पुदिना पेरला आणि पानं घेतली.

लहानपणी आईच्या पचडीला बोटही न लावणाऱ्या सायलीने आज तीनदा वाढून घेतलं.

"वहिनी, अगदी हनोईत खाल्लं तसंच झालंय. कोबी एवढा कुरकुरीत कसा राहिला?"

"आधी तासभर मीठ लावून ठेवायचा," रोहिणी म्हणाली. "सगळी करामत त्या मिठातच आहे."



बयाबाईंनी गरम वड्यांची ताटली लेकीपुढे सरकवली. "मग ह्या पण खाऊन बघ. तो मीठ लावलेला कोबी ह्याच्यात हाय."