बडबड्याचा खोकला

"भूल द्यायची नाही," आईने पुन्हा बजावलं.

जनावरांच्या दवाखान्यात ती पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. कुणी तरी हिसकावून नेणार असल्यासारखा तिने तो दोन्ही हातांनी कवटाळला होता. बाजूच्या बाकाखाली गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातलेलं एक कुत्रं पिंजऱ्याकडे टक लावून बघत होतं.

"अहो आजी, जरासा गॅस हुंगवला की स्कॅन होईपर्यंत तो शांत पडून राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग आम्ही निघालो."

शेजारी बसलेल्या तिच्या मुलाने कपाळाला हात लावला.

वडील गेल्यावर आई त्याच्याकडे राहायला आली ती एक बॅग आणि हा पोपट घेऊन. नाव बडबड्या. जुन्या घरी दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा म्हणे. इथे आल्यापासून मात्र त्याची दातखीळ बसली होती. पोपटाला दात नसतात ही गोष्ट वेगळी. आणि आता एकाएकी तो खोकायला लागला होता. साधासुधा खोकला नव्हे. चांगला लांबलचक, घरघरणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सून हातातलं लाटणं घेऊनच धावत आली होती.

"पाखरांना फुफ्फुसांखेरीज अंगात हवेच्या पिशव्याही असतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "तिथे बुरशी धरली तर वरून पत्ता लागत नाही. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. सीटी स्कॅनमध्ये पावाच्या कापांसारखं एकेक वेगळं बघता येतं."

"आणि बुरशी निघाली तर?" मुलाने हळूच विचारलं.

"लवकर कळली तर औषधं आहेत. पण अवघड असतं."

वडील अचानक गेले, तेव्हा मुलगा परगावी होता. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई त्यानंतर रडली नाही की फारशी बोललीही नाही. बोलायची ती या पाखराशी, दुपारी, घरात कुणी नसताना. बडबड्याला काही झालं तर आई उभी राहणार नाही, अशी त्याला धास्ती वाटली.

शेवटी आईचंच खरं झालं. बडबड्याला काचेसारख्या पारदर्शक डब्यात दांडीवर बसवलं, दिवे मंद केले आणि डबा त्या मोठ्या गोल यंत्रात सरकवला. मुलगा काचेपलीकडे उभा राहून बघत होता. आई मात्र भुलीचा विषय संपल्यावर निवांत बसून कॉलरवाल्या कुत्र्याशी गप्पा मारत होती.

"हे काळं दिसतंय ना, ती हवा," पडद्यावर बोट फिरवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठेही डाग नाही. एकदम स्वच्छ."

तेवढ्यात डब्यातून तो घरघरणारा खोकला आला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"अहो, हा आजारी नाही, नकलाकार आहे! घरात कोण खोकतं एवढं?"

मुलाचं हसू ओठांवरच थांबलं. तो खोकत नव्हता, बायको खोकत नव्हती. पिंजरा होता आईच्या खोलीत.

"आई?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

त्याने हे ऐकून घेतलं नाही. आईचा स्वभाव त्याला ठाऊक होता; तापाने फणफणली तरी "जरा कसकस आहे" म्हणणारी बाई. दुसऱ्याच दिवशी तो तिला माणसांच्या दवाखान्यात घेऊन गेला. "पोपटाचं झालं, आता माझं. मग भिंतीवरच्या पालीलाही आण," असं बडबडत ती तशाच गोल यंत्रात जाऊन झोपली.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो उलटसुलट पाहिले. "आजींची फुफ्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत," ते म्हणाले.

मुलाने भर व्हरांड्यात आईला मिठी मारली. त्याला रडू फुटलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"मला घाबरवू नकोस गं असं."

"वेडा आहेस," आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

भिंतीपलीकडचे शेजारी खोकत असणार, असा निकाल सुनेने घरी आल्यावर देऊन टाकला आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली. आईने दाराला कडी घातली, खुर्ची पिंजऱ्याला अगदी चिकटवून घेतली आणि जाळीतून बोट घालून बडबड्याची मान खाजवली.

"लबाडा, काय काय करायला लावलंस मला," ती लाडाने म्हणाली. "आणि एवढं करूनही चुकतोसच. ह्यांचा खोकला असा नव्हता रे. जिन्यात आले की अगदी थोडंसं खोकायचे, मी उठून दार उघडावं म्हणून. नीट ऐक, पुन्हा करून दाखवते."