दहावा ढीग

"हे नऊ काय आहे?" बाबांनी विचारलं.

रश्मीनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं, पण उशीर झाला होता. लहानू रामटेक्यांच्या नजरेतून भेसळीचं रोप कधी सुटलं नाही, तिथे पडद्यावरचा एवढा मोठा आकडा काय सुटणार! सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर एकतीस वर्षं मजुरी केलेला माणूस. फूल उमलायच्या आत चिमट्यानं उघडायचं, एका वाणाचा पराग दुसऱ्याला द्यायचा, वर कागदी पिशवी चढवायची आणि पीक उभं राहिलं की त्यातलं परकं झाड ओळखून उपटायचं. लेक बंगळूरला सूर्याचा अभ्यास करते हे ते गावभर सांगत. नेमका काय अभ्यास, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना डाचत असे.

"माही किंमत आहे ते, बाबा," रश्मी वैतागून म्हणाली. सुट्टीत घरी आलं की तिची जीभ आपोआप सिंदेवाहीची होई. "दहा असते त बढती भेटली असती. नऊवर नाई भेटत. मंग बसा तीन वर्षं."

"कोन मोजते? कसं मोजते?"

आता सुटका नव्हती. "समजा, मी चौदा वान काढले. म्हंजे चौदा शोधनिबंध लिवले. दुसऱ्या कोनी माहा वान आपल्या धानाच्या बांधीत लावला, म्हंजे त्याच्या निबंधात माह्या निबंधाचं नाव घेतलं, की एक दाना. दहा वानांचे दहा-दहा दाने तरी झाले, त माहा आकडा दहा."

बाबा उठले. रश्मीची आई बायनाबाई ओसरीवर बियाण्याचं धान निवडत बसली होती. भेसळीचे लालसर दाणे वेचून ती वाटीत वेगळे टाकत होती. तिच्या सुपातून बाबांनी ओंजळभर धान उचललं, चुलीतला कोळसा आणला आणि फरशीवर ओळीनं चौदा गोल काढले.

"सांग. सगळ्यात मोठा ढीग पयले. किती?"

"एकशे चाळीस."

त्यांनी अंदाजानं मूठ सोडली. पुढचे ढीग मोजून मांडले. दहाव्या गोलात नऊ दाणे पडले. तिथून पुढे उतरत उतरत शेवटचा गोल रिकामाच राहिला.

"पयलं पीक लय आलं. काय होतं त्याच्यात?"

रश्मीला हसू आलं. "त्याच्यात मी चुकली, बाबा. सूर्यावर डाग कमी येतीन, असं लिवलं होतं. आले दुप्पट. कशी चुकली ते सांगाले सारे माहं नाव घेतेत."

"अन् तेबी मोजते?"

"तेबी मोजते."

बाबा पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "याच्यातला एक दहाव्यात टाकता येत नाई?"

"नाई."

तेवढ्यात फोन वाजला. बंगळूरच्या संस्थेतल्या आदेशचा निरोप होता. 'माझा निबंध अजून नेटवर चढवलेला नाही. तुझ्या दहाव्याचं नाव त्यात टाकतो, रात्रीतून मोजणीत येईल. विषय वेगळा आहे, पण कोण बघतं? पुढच्या वेळी तू माझं टाक.' बढतीच्या फॉर्मची मुदत उद्यापर्यंत होती. रश्मीनं निरोप दोनदा वाचला. तिला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

बायनाबाईला सूर्य कळला नव्हता, पण एक दाणा कमी पडतो आहे हे चांगलं कळलं होतं. "एका दान्यासाठी पोरीचं अडून राह्यलं?" तिनं हाताशी असलेल्या वाटीतला एक दाणा दहाव्या गोलात टाकला. "घ्या. झाले दहा."

बाबा वाकले. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तो लाल दाणा उचलून त्यांनी बायनाबाईच्या तळहातावर परत ठेवला.

"हा याच्यातला नाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. बांधीत उभं राहून हेच वाक्य त्यांनी एकतीस वर्षं म्हटलं होतं.

रश्मी त्या नऊ दाण्यांकडे बघत राहिली. मग तिनं आदेशला लिहिलं, 'नको. तुझ्या निबंधात माझं काही नाही.' आणि विचार बदलायच्या आत नऊचा फॉर्म पाठवून दिला. वाईट वाटलं. तीन वर्षं म्हणजे काही कमी नव्हेत.

बायनाबाईनं धान गोळा करायला हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांचं बोट शेवटच्या रिकाम्या गोलावर होतं. "याच्यात काय लिवलं होतं?"

"सोडा ते, बाबा. माहा सगळ्यात आधी लिवलेला निबंध आहे. त्याचं नाव कोनीच नाई घेतलं."

"ते मले दिसून राह्यलं. लिवलं काय होतं?"

किती, हे रश्मीला दर वर्षी विचारत. काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या निबंधासाठी तिनं दोन वर्षं घातली होती.

"सूर्याच्या टोकाजवळ, ध्रुवापाशी, एक पट्टा आहे," ती हळूच म्हणाली. "तिथं डाग कधी पडतच नाई. सारे डागाकडे पाह्यतेत. मी तिकडे पाह्यलं."

"काऊन पडत नाई?" बाबांनी खाली मांडी ठोकली.

"ठेवा ना तुमीच एक दाना त्याच्यात," बायनाबाई म्हणाली. "पोरीले तेवढंच बरं वाटन."

बाबांनी सुपातला एक चांगला, भरलेला दाणा निवडला, गोलापर्यंत नेला आणि मूठ मिटली.

"आंदी समजू दे," ते म्हणाले. "मंग ठेवीन."